मऊ दगडाचा शिष्टाचार

राटेनच्या कड्यावर तळहात घासला की हाताला वाळू लागते. बारीक, पिवळसर, साखरेच्या खड्यांसारखी खरखरीत. दोनशे मीटर उंच उभा असलेला हा सगळा थाट असा बोटांनी सुटतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस चपापतो आणि नकळत हात मागे घेतो. या गावाकडे बघायचं कसं, याचा पहिला धडा त्या हात मागे घेण्यातच आहे.

जर्मनीच्या पूर्व भागात, सॅक्सनी राज्यात, ड्रेस्डेनहून चेक सीमेकडे जाणारी लोकल गाडी एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते. पिर्ना मागे पडलं की दरी अरुंद होते, डोंगर जवळ सरकतात आणि राटेनचं छोटंसं स्टेशन येतं. गावाची वस्ती चारशेही नाही. पण बास्टायचे कडे, त्यांच्यावरचा दगडी पूल, थंडगार घळी, खुल्या आकाशाखालचं नाट्यगृह आणि प्रस्तरारोहणाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा सुळका, हे सगळं या गावाच्या पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. प्रवासी पुस्तकं त्याची यादी करतात आणि ती यादी चांगलीही असते. मला मात्र हा परिसर एखाद्या बांधीव रचनेसारखा वाचावासा वाटतो, आणि तिचा स्थायीभाव एकच आहे: दगडाचं मऊपण. इथे बघण्यासारखं जे आहे ते त्या मऊपणाने घडवलं, आणि इथे वागायची जी रीत पडली तीही त्यानेच पाडली.

सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. नद्यांनी आणलेली वाळू त्याच्या तळाशी थरावर थर साठत गेली आणि शेकडो मीटर जाडीचा वालुकाश्म तयार झाला. पुढे जमीन उचलली गेली, थरांना उभ्या भेगा पडल्या, आणि एल्बे व तिला मिळणारे ओढे त्या भेगा धरून दगड कापत गेले. आडवे थर आणि उभ्या भेगा असा दुहेरी छेद बसल्यामुळे इथला खडक चौकोनी ठोकळ्यांत फुटतो. म्हणून इथले कडे ओबडधोबड दिसत नाहीत, रचलेले दिसतात. कुणीतरी चिरे मांडून भिंत उभी करावी आणि मग अर्धी भिंत पाडून टाकावी, असं त्यांचं रूप. जवळ गेलं की आणखी एक नक्षी दिसते. दगडात झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार पृष्ठभागाशी येऊन सुकतात, फुगतात आणि वाळूचे कण सुटे करतात. त्यामुळे खडकाला ओळीने खळगे पडतात, दोन खळग्यांमध्ये पातळ पडदा उरतो, आणि कुठे कुठे तो पडदाही गळून दोन खळगे एकमेकांत उघडतात. लोह जास्त असलेले पट्टे तेवढे टणक राहून शिरांसारखे वर येतात. बोट लावून बघावंसं वाटतं. लावू नये.

या मऊपणाचा पहिला फायदा बांधकाम करणाऱ्यांनी घेतला. कापायला सोपा, कोरायला सोपा आणि नदीच्या काठावरच असल्यामुळे होडीतून न्यायलाही सोपा असा हा दगड ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्याला आणि फ्राउएनकिर्खे या चर्चला लागला. दुसऱ्या महायुद्धात कोसळलेलं ते चर्च 1994 ते 2005 या काळात पुन्हा उभं राहिलं, तेही याच खोऱ्यातल्या वालुकाश्मात. त्याच्या भिंतीत जुने काळे चिरे आणि नवे पिवळसर चिरे शेजारी शेजारी दिसतात, कारण हा दगड ताजा असताना फिकट असतो आणि हवेत वर्षानुवर्षं राहून काळवंडतो. वेलेन आणि राटेन या गावांमधल्या नदीकाठावर जुन्या खाणींच्या उभ्या भिंती आहेत. आजूबाजूचे नैसर्गिक कडे करडे-काळे आणि त्यांच्यात हा लांबलचक पांढुरका पट्टा, म्हणून लोकांनी त्यांना 'पांढऱ्या खाणी' असंच नाव दिलं. खाणकाम थांबून पिढ्या लोटल्या तरी रंग अजून पुरता जुळलेला नाही. आगबोटीतून जाताना बहुतेक प्रवासी तिकडे नजर टाकत नाहीत, कारण त्यांना पुढची बास्टाय बघायची असते. माझ्या मते बास्टायची प्रस्तावना तीच आहे. हा दगड किती सहज संपवता येतो, ते तिथे लिहून ठेवलं आहे.

स्टेशन नदीच्या डाव्या काठावर आणि मूळ गाव उजव्या काठावर, अशी राटेनची मांडणी. मध्ये पूल नाही, माणसं ने-आण करणारी तर, म्हणजे नाव, आहे. या तरीवर जरा रेंगाळायला हवं. तिला ओढून नेणारं इंजिन नाही. नदीत वरच्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, तळाशी एक नांगर पक्का केलेला आहे. तिथून निघालेला लांब दोर तरंगत्या आधारांवरून येऊन तरीला बांधलेला असतो. तरवाला तरीचं तोंड प्रवाहाशी तिरकं करतो. पाणी तिच्या कुशीवर दाबतं, दोर तिला खाली वाहून जाऊ देत नाही, मग उरलेली एकच दिशा तिला मोकळी असते आणि ती आडवी सरकत पलीकडे जाते. परतताना तिरकेपणा उलटा करायचा, की झालं. प्रवास काही मिनिटांचा. धक्का नाही, धूर नाही, पाण्याचा आवाज तेवढा. ज्या प्रवाहामुळे नदी ओलांडणं अवघड होतं त्याच प्रवाहाने नदी ओलांडून द्यायची, ही युक्ती मला या गावाच्या एकूण वृत्तीची उत्तम खूण वाटते. जोर लावायचा नाही, कोन बदलायचा. अर्थात नदी नेहमी इतकी समजूतदार नसते. ऑगस्ट 2002 च्या पुरात ड्रेस्डेनला एल्बेची पातळी 9.40 मीटरवर गेली होती, आणि जून 2013 मध्ये ती पुन्हा चढली. या खोऱ्यातल्या नदीकाठच्या घरांवर पुराच्या रेघा आणि साल कोरलेलं दिसतं. त्या रेघांकडे मान वर करून बघावं लागतं, यातच सगळं आलं.

गावातून बास्टायकडे जाणारी वाट पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. चढताना मध्ये मध्ये बाजूला सज्जे आहेत आणि प्रत्येक सज्ज्यावरून नदीचं तेच वळण थोडं अधिक उलगडतं. वर बास्टायचं टोक एल्बेच्या पाण्यापासून 194 मीटर उंच आहे. इथे गर्दी असते आणि ती आजची नाही. अठराव्या शतकात ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिकवायला आलेल्या आड्रियान त्सिंग आणि आन्टोन ग्राफ या दोन स्विस चित्रकारांना या डोंगरांनी आपल्या देशाची आठवण करून दिली, आणि त्यांच्यामुळे या प्रदेशाला 'सॅक्सन स्वित्झर्लंड' म्हणू लागले, असं सांगतात. 1801 मध्ये कार्ल हाइन्रिख निकोलाय या पाद्र्याने या भागाची वाटाड्या-पुस्तिका छापली. 1826 मध्ये खडकांच्या सुळक्यांना जोडणारा लाकडी पूल झाला, आणि लोक इतके येऊ लागले की 1851 मध्ये त्या जागी दगडी पूल बांधावा लागला. तोच आजचा पूल: 76.5 मीटर लांब, सात कमानींचा, सुमारे 40 मीटर खोल घळीवर उभा.

पुलाचं सौंदर्य कशात आहे? तो त्याच वालुकाश्माचा आहे, हे पहिलं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण त्याच दगडाच्या कुरूप इमारतीही होतात. खरी गंमत त्याच्या खांबांत आहे. खांब सरळ खाली जाऊन खडकात मिसळतात, आणि आजूबाजूचे सुळके त्यांच्याच जाडीचे, त्यांच्याच रंगाचे. नजर खालून वर नेताना दगड कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते चटकन कळत नाही. कमानींची वळणं तेवढी सांगतात की हे माणसाचं काम, कारण या खडकात सरळ रेषा पुष्कळ आहेत, गोल वळण कमी. बांधणाऱ्याने नेमकी तीच एक गोष्ट घातली जी निसर्गाकडे नव्हती, बाकी सगळं त्याच्याकडूनच उसनं घेतलं. 1853 मध्ये हेर्मान क्रोने या छायाचित्रकाराने अवजड कॅमेरा आणि काचा घेऊन इथे फोटो काढले. जर्मनीतल्या निसर्गछायाचित्रणाच्या आरंभात त्यांची गणना होते. म्हणजे पूल पुरा होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्याचा फोटोही निघू लागला, आणि ते काम अजून थांबलेलं नाही.

आता एक गोम. पुलावर उभं राहिलं की पूल दिसत नाही. बास्टायच्या टोकावरून बास्टाय दिसत नाही. पूल बघायचा तर बाजूच्या फर्डिनांडश्टाइनवर जावं लागतं, कडे बघायचे तर खाली नदीत किंवा पलीकडच्या काठावर. एका ठिकाणी उभं राहून हा देखावा पुरा होत नाही. तो पायांनी गोळा करावा लागतो. पार्किंगमध्ये गाडी लावून, टोकापर्यंत जाऊन, फोटो काढून तासाभरात परतणाऱ्यांना बास्टाय भेटते, पण तिचा चेहरा त्यांना दिसत नाही.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला नॉयराटेन या मध्ययुगीन खडक-किल्ल्याचे अवशेष आहेत. अवशेष म्हणजे भिंती नव्हेत. किल्ला लाकडाचा होता, तो गेला, उरल्या फक्त खाचा. तुळया टेकवण्यासाठी खडकात कोरलेल्या खोबणी, पायऱ्या, पावसाचं पाणी साठवायचं टाकं, आणि फेकायला ठेवलेले दगडी गोळे. जे नाही त्याचा साचा इथे बघायला मिळतो. लोखंडी जाळीच्या पुलांवरून फिरताना डोळ्यांनी त्या खोबणींत तुळया बसवायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि मनातल्या मनात किल्ला उभा करायचा. प्रत्येक वस्तूखाली माहितीची पाटी हवी असणाऱ्याला हे रूक्ष वाटेल. खाच वाचता येणाऱ्याला तिथे अर्धा दिवसही कमी पडतो.

वरच्या पठारावरून परतीची वाट श्वेडनल्योखर नावाच्या घळीतून उतरते. तीस वर्षांच्या युद्धात, 1639 मध्ये, स्वीडिश सैन्यापासून जीव वाचवायला आसपासचे गावकरी या घळीत लपले होते. आता तिथे सुमारे सातशे पायऱ्या आहेत. वर पठारावर ऊन, खडकांच्या माथ्यावर चिवट पाइन, पायाखाली कोरडी वाळू. पन्नास-साठ पायऱ्या उतरल्या की हवा बदलते. भिंती जवळ येतात, काही ठिकाणी दोन्ही हात लांब केले तर दोन्हीकडे लागतील इतक्या. दगड ओला, हिरवा, शेवाळाने भरलेला. नेचे आडवे वाढलेले. आणि भर उन्हाळ्यातही अंगावर शहारा यावा असा गारठा. थंड हवा जड असते, ती घळीच्या तळाशी बसून राहते आणि सूर्य तिथपर्यंत पोचत नाही. त्यामुळे या प्रदेशात वनस्पतींचा नेहमीचा क्रम उलटा होतो. एरवी उंच, थंड डोंगरांवर सापडणाऱ्या वनस्पती इथे खाली घळीत आढळतात, दोन फुलांची पिवळी व्हायोला ही त्यांपैकी एक. आणि ऊन सोसणारी झाडं वर माथ्यावर. डोंगर उतरता उतरता आपण हवामानाच्या हिशोबाने डोंगर चढत असतो. या उतरणीत मला दर वेळी वाटतं की बास्टायचा गाजावाजा झाला आणि खरी करामत या घळीने केली. बास्टाय एका नजरेत दूरवरचं पुष्कळ दाखवते. घळ काहीच देत नाही, दहा पावलांपलीकडे दिसत नाही, आणि म्हणूनच तिथे माणूस खडकाकडे जवळून बघायला लागतो.

घळ संपते तिथे आम्झलग्रुंड ही दरी लागते, आणि गावाकडे येताना 1934 मध्ये बांध घालून केलेलं छोटं तळं. वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात, आणि पाण्यातून वर पाहिलं की 'लोकोमोटिव्ह' नावाचा खडक दिसतो, नावाप्रमाणेच धुराड्यासकट. मुलांना हे फार आवडतं, मोठ्यांनाही आवडतं पण ते कबूल करत नाहीत. जवळच 1936 मध्ये उघडलेलं खडकांमधलं नाट्यगृह आहे. नेपथ्याला मागे प्रत्यक्ष कडेच असल्यामुळे वेबरच्या 'डेअर फ्रायशुट्झ' या ऑपेरातलं जंगल इथे रंगवावं लागत नाही. कार्ल मायच्या रेड इंडियन कथांचे घोडदौडीचे प्रयोगही इथे होतात. सायकलवाल्यांसाठी एल्बेकाठचा लांब पल्ल्याचा मार्ग गावावरूनच जातो, पायी फिरणाऱ्यांसाठी जुन्या चित्रकारांच्या वाटा जोडून केलेला आठ टप्प्यांचा 'मालरवेग' आहे, आणि नदीत ड्रेस्डेनच्या जुन्या चाकाच्या आगबोटी आहेत, ज्यांतली सर्वांत जुनी 1879 ची. या सगळ्यात रमण्यासारखं आहे, पण मला घाई आहे ती सुळक्यांकडे पोचण्याची.

बास्टायवरून दिसणारा, माथ्यावर साधूच्या आकाराचा पत्र्याचा वातदर्शक मिरवणारा एक सुळका आहे, म्योंखश्टाइन. 1874 मध्ये दोघे जण त्यावर चढले ते शिड्या, खुंट्या, असलं काही कृत्रिम साहाय्य न घेता, फक्त हातापायांनी. त्याआधी 1864 मध्ये बाट शांडाऊच्या व्यायामशाळेतल्या तरुणांनी फाल्केनश्टाइन सर केला होता, पण साधनांच्या मदतीने. मुक्त आरोहणाचा आरंभ म्हणून आज म्योंखश्टाइनची ती चढाई सांगितली जाते. या खोऱ्यात चढण्याजोगे सुळके अकराशेहून अधिक आहेत. 1908 मध्ये रुडॉल्फ फेअरमानने त्यांचं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि 1913 च्या आवृत्तीत चढाईचे नियम मांडले. ते नियम थोडेफार बदलून आजही पाळले जातात, आणि मला ते एखाद्या वृत्तबद्ध कवितेच्या बंधनांइतके देखणे वाटतात.

चढायचं ते फक्त सुट्या उभ्या सुळक्यांवर. कड्याच्या सलग भिंतीला हात लावायचा नाही. दोर पडल्यावर वाचवण्यासाठी, वर ओढून घेण्यासाठी नाही. धातूचे पाचर किंवा उघडझाप करणारे यांत्रिक पंजे भेगेत बसवायचे नाहीत. हाताच्या घामासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी वापरायची नाही, तिचे डाग राहतात. पहिल्या चढणाऱ्याने खडकात ज्या कड्या बसवल्या असतील त्या तेवढ्या. नंतर येणाऱ्याने आपल्या सोयीसाठी वाटेल तिथे भर घालायची नाही, आणि त्या कड्या एकमेकींपासून घाबरवणाऱ्या अंतरावर असतात. मग आधार कशाचा? गाठीचा. दोराच्या किंवा फितीच्या तुकड्याला गाठ मारायची, ती गाठ भेगेच्या रुंद भागात सरकवायची आणि खाली ओढून अरुंद भागात घट्ट बसवायची. भेगा वेगवेगळ्या, म्हणून कमरेला वेगवेगळ्या जाडीच्या फाशांचा झुपका लटकत असतो. सुळक्यावर अर्ध्यात, एका हातावर तोलून, दुसऱ्या हाताने माणूस भेग चाचपतो, एक गाठ लावून बघतो, काढतो, दुसरी लावतो, हलकेच ओढून बघतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, हा अडकला. तो अडकलेला नसतो, तो दगडाशी बोलणी करत असतो. धातूचा पंजा ताण पडला की भेगेच्या कडा बाहेरच्या बाजूला रेटतो आणि त्या कडा फुटतात. गाठ मऊ असते, दगडाच्या आकाराप्रमाणे स्वतः बदलते. मऊ दगडाला मऊ साधन, इतका सरळ हा न्याय आहे. वर पोचल्यावर डब्यात ठेवलेल्या शिखरवहीत नाव आणि तारीख लिहायची. त्यापलीकडे तिथे काही मागे ठेवायचं नाही.

या शाळेतून मोठी माणसं निघाली. ड्रेस्डेनचा फ्रिट्झ वीसनर इथे घडला, पुढे अमेरिकेत गेला आणि 1939 मध्ये पासांग दावा लामाबरोबर के-टूच्या शिखराच्या अगदी जवळ, ऑक्सिजनशिवाय पोचला. राटेनशेजारच्या होनश्टाइनचा बेर्न्ड आर्नोल्ड अनवाणी चढण्यासाठी गाजला. पण सर्वांत बोलकी गोष्ट चढाईची नाही, चढाई सोडून देण्याची आहे. फाफेनश्टाइन डोंगराजवळ बार्बारिने नावाची सुमारे 43 मीटर उंच सुई आहे. 1905 मध्ये फेअरमान आणि त्याचा अमेरिकन साथीदार ऑलिव्हर पेरी-स्मिथ यांनी ती पहिल्यांदा सर केली, आणि पुढे ती इथल्या आरोहणाची जणू ओळखच झाली. तिचा माथा झिजत चालला म्हणून 1975 मध्ये तिच्यावरची चढाई बंद झाली. आपल्या सर्वांत लाडक्या सुळक्याकडे तेव्हापासून चढणारे फक्त खालून बघतात.

आता चित्राकडे वळू, कारण या परिसराचं सर्वांत नेमकं रसग्रहण एका चित्रकाराने करून ठेवलं आहे. कास्पार डाव्हिड फ्रीड्रिखचं, 1818 च्या सुमाराचं, 'धुक्याच्या समुद्रावरचा वाटसरू' हे चित्र हांबुर्गच्या कुन्स्टहालेत आहे. गडद हिरवा कोट घातलेला, हातात काठी घेतलेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून खडकावर उभा आहे. पुढे धुकं, धुक्यातून वर आलेले खडक, दूरवर डोंगर. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर त्याची इतकी छपाई झाली आहे की आता ते चित्र कुणी बघत नाही, ओळखतात फक्त. जरा बघू या.

फ्रीड्रिख 1813 मध्ये युद्धाच्या धामधुमीत ड्रेस्डेन सोडून एल्बेकाठच्या क्रिपेन गावात राहिला आणि आसपास हिंडून पेन्सिलीने खडक टिपत राहिला. चित्रातल्या माणसाच्या पायाखालचा खडक कायझरक्रोने या डोंगरावरचा, चेक सीमेजवळचा. उजवीकडे मागे दिसतो तो त्सिर्कलश्टाइन. आणि डावीकडे धुक्यातून डोकावणारा खडकांचा पुंजका गामरिग हा राटेनजवळचा, गावातून पायी गाठता येण्यासारखा. कायझरक्रोने आणि गामरिग यांच्यात दहा किलोमीटरहून अधिक अंतर आहे. म्हणजे चित्रातला देखावा जगात कुठूनही दिसत नाही. सुटा सुटा प्रत्येक खडक खरा, भेगांसकट खरा. सगळे मिळून मात्र रचलेले. या रचनेत धुक्याचं काम काय, ते आता लक्षात येतं. ते भाव तर निर्माण करतंच, शिवाय सांधे झाकतं. एक खडक कुठे संपला आणि कित्येक किलोमीटर लांबचा दुसरा कुठे सुरू झाला, ते धुक्याखाली जातं. शिवाय वाटसरूचं शरीर नेमकं चित्राच्या मध्यावर. तो ज्याच्याकडे बघतोय त्याचा गाभा त्याच्याच पाठीने अडवला आहे.

या चित्राला एकट्या, विजयी माणसाचं चित्र म्हणतात. मला ते पटत नाही. विजयी माणूस एका शिखरावर एकदा उभा राहतो; हे चित्र अनेक दिवस, अनेक वाटांनी हिंडलेल्या, प्रत्येक खडकाजवळ बसून त्याची भेग नि भेग काढलेल्या माणसाचं आहे. ड्रेस्डेनच्या आपल्या जवळजवळ रिकाम्या खोलीत बसून त्याने ते हिंडणं एका कॅन्व्हासवर आणलं. पुलावरून पूल दिसत नाही, हे ज्याला कळलं त्यालाच असं चित्र सुचेल. नॉयराटेनच्या परिसरातलं खडकाचं दारही फ्रीड्रिखने पुढे 1822-23 च्या सुमारास रंगवलं. ते चित्र व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेरमध्ये आहे. त्यात वाटसरूही नाही. खडक, धुकं आणि मोडून पडलेलं झाड, एवढंच.

मोडकी झाडं आज इथे चित्रापुरती राहिलेली नाहीत. 12 सप्टेंबर 1990 रोजी या भागाचं राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्यातलं पुष्कळसं जंगल माणसांनी लावलेल्या स्प्रूसचं होतं. 2018 पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणारे किडे माजले आणि डोंगरच्या डोंगर करडे झाले. जुलै 2022 मध्ये चेक बाजूला लागलेली आग सीमा ओलांडून इकडे आली आणि आठवडे धुमसत राहिली. मेलेली झाडं उद्यानाच्या गाभ्यात बहुतेक तशीच ठेवली आहेत. त्यांच्याखालून बर्च आणि रोवन स्वतःहून वर येत आहेत. प्रवाशांना हे बघवत नाही, तक्रारी होतात, वाटा बंद असतात. पण हात न लावण्याची इथली जुनी सवय जंगलाच्या बाबतीतही पाळली जाते आहे, एवढं म्हणायला हरकत नाही.

बास्टायच्या टोकाचंही तेच झालं. प्रेक्षकांच्या पायांखालचा खडक झिजत चालल्यामुळे 2016 पासून सर्वांत पुढचा भाग बंद ठेवावा लागला. खडकात सिमेंट भरून तो पक्का करण्याचा प्रयत्न पुरता साधणारा नव्हता. शेवटी वेगळी तोड निघाली: मागच्या भक्कम भागात पाया घेऊन, झिजलेल्या टोकाला जराही न टेकणारा, अधांतरी पुढे आलेला काँक्रीटचा सज्जा. 2023 मध्ये तो खुला झाला. त्याचा करडा सपाटपणा पुलाच्या शेजारी थोडा कोरडा वाटतो, आणि 1851 च्या कारागिराने तो अधिक चांगला केला असता असं मी म्हणेन. पण विचार बरोबर आहे. टोकावर उभं राहायचं, पण त्याच्यावर भार टाकायचा नाही.

राटेनला कधी जावं, असं विचारणाऱ्याला सगळे जण शरद ऋतूतली धुक्याची सकाळ सुचवतात, आणि ती सुंदर असतेच. मी मात्र पावसानंतरचा स्वच्छ दिवस सुचवेन. ऊन पडलेलं असतं, आकाश निळं असतं, सुट्टी काढून लांबून आलेले आरोहक दोर-गाठी घेऊन गावात असतात, आणि सुळक्यावर एकही माणूस नसतो. कारण पाणी प्यालेला वालुकाश्म वरून कोरडा दिसला तरी आतून कमजोर असतो. हाताची पकड तुटून येते आणि ती कायमची जाते. नियम म्हणून ओल्या खडकावर चढायचं नाही. पहारेकरी उभा नसतो, तरी बहुतेक जण चढत नाहीत. खानावळीत बसतात, बिअर मागवतात, नकाशे उलगडून उद्याच्या गप्पा मारतात. पूल, कडे, घळ, चित्र हे सगळं बघून झाल्यावर या रचनेचा खरा कस मला त्या टेबलाशी लागलेला दिसतो. हवी असलेली गोष्ट समोर आहे, वेळ आहे, ताकद आहे, आणि केवळ दगड अजून तयार नाही म्हणून माणसं थांबली आहेत. निसर्गाचा आस्वाद घेणं म्हणजे काय, याची यापेक्षा चोख व्याख्या मला तरी ठाऊक नाही.